रावलीनं वाघाला दिलेली जमीन

करवळपाड्याच्या डोंगरात वाघ होता, त्या काळची ही गोष्ट. आता तिथं ससा दिसला तरी पोरं पाडाभर ओरडत सुटतात, पण फार वर्षांपूर्वी, तुमच्या आज्याचा आजा झोळीत झोपत होता तेव्हा, तिथं खराखुरा वाघ होता. दिवेलागणीला त्याची डरकाळी उठली की चुलीशेजारी पडलेलं कुत्रं जागच्या जागी मुतायचं. हसू नका, खरंच मुतायचं. माणसंही काही फार शूर होती असं नाही, पण तेवढं सांगायची गरज नाही.

पाडा वारल्यांचा. कुडाच्या भिंतींची थोडी घरं, खाली ओहोळ, वर डोंगर, आणि डोंगराच्या उतारावर पाड्याची वरकस, म्हणजे नाचणी-वरई पिकवायची जमीन. तिला मोहटेंभा म्हणायचे. तिथली नाचणी अशी लाल आणि गोड, की भाकरीबरोबर नुसती मिरची पुरायची. तशी नाचणी आता कुठं मिळते? असं म्हणतात, की मोहटेंभ्यावर मूठभर पेरलं तर सूपभर यायचं, आणि पाखरांनी खाऊनही तेवढंच राहायचं.

या पाड्यात रावली राहायची. उंच, काळीसावळी, आणि आवाज असा की तिनं ओहोळावरून हाक मारली तर वर पाड्यातल्या कोंबड्या खुराड्यात शिरायच्या. तिचा नवरा शिडवा अगदी उलटा. बोलायचाच नाही. निंदणी करताना तो बारीक शीळ घालायचा, आणि रावली त्या शिळेच्या लयीवर हात चालवायची. दोघं शेतात असली की लांबून कळायचं. शीळ ऐकू आली तर काम नीट चाललंय, आणि नुसता रावलीचा आवाज आला तर शिडव्याचं काहीतरी चुकलंय.

एका भादव्यात, नाचणी कणसावर आलेली असताना, शिडवा रानडुकरं हाकायला शेतातल्या माळ्यावर बसला आणि वाघानं त्याला नेला. सकाळी लोकांना मोहटेंभ्याच्या मधोमध त्याचा कोयता सापडला आणि मुंडासं सापडलं. बाकी काही नाही. रावलीनं मुंडासं उचललं आणि छातीशी धरलं. तिचा तो दांडगा आवाज त्या दिवशी कुणालाच ऐकू आला नाही.

आता त्या पाड्याची एक रीत होती. वाघानं माणूस नेला तर वाघाशी वैर धरायचं नाही. वैर धरून डोंगरात राहणार कसं? रक्त सांडलं तिथं मोहाचं रोप लावायचं, आणि ती सगळी जमीन वाघाला देऊन टाकायची. मोहाला पहिलं फूल येईपर्यंत वाघाची पाळी. तोवर तिथं नांगर नाही, कोयता नाही, गुरंढोरं नाहीत, माणसाचा पायसुद्धा नाही. फूल आलं की पाळी संपली, जमीन परत पाड्याची. आणि द्यायची ती ज्याचं माणूस गेलं त्याच्याच तोंडानं.

मग रोप लावून सगळा पाडा शिवेवर जमला. तिथं शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड होता. पाड्याचं देवाधर्माचं बघणाऱ्या भगतानं रीतीप्रमाणं विचारलं, "कुणाची जमीन?"

रावलीनं दगडाकडे बघितलं. ज्यानं घरचा धनी खाल्ला त्यालाच शेत द्यायचं? तिच्या पोटात नुसती आग होती. तिला वाटत होतं भगताच्या हातातला नारळ घ्यावा आणि त्या दगडावर नाही, त्या वाघाच्या टाळक्यात फोडावा. पण लहानपणापासून ती ही रीत बघत आली होती. तिच्या आजीनं दिली होती, आजीच्या आजीनं दिली होती. शेवटी ती म्हणाली, "वाघाची."

"कुणी दिली?"

"आम्ही दिली."

संपलं. त्या दिवसापासून दर वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडाशी, भगत विचारायचा आणि रावली उत्तर द्यायची. पाळी चालू असताना दुसरं उत्तर देणाऱ्याच्या घरात वाघ शिरतो, असं म्हणतात. मोहटेंभ्याच्या बाहेरून जाताना ती टाचा उंचावून बघायची. आत गवत पुरुषभर वाढलेलं. त्यात मोहाचं रोप काही दिसायचं नाही. जिथं शिडवा गेला तिथं दोन आसवं गाळायलाही तिला जाता येत नव्हतं, हे तिला फार लागायचं.

आणि ते गवतच नडलं. खाली बंदराकडे बाबूशेठ नावाचा गवताचा व्यापारी होता. मुंबईच्या घोड्यांना त्याचं गवत जायचं. माणूस तसा गोडबोल्या, पण पुरुषभर गवत बघितलं की त्याचा डोळा फिरायचा. त्यानं वर अर्ज केला, की या डोंगरावर मोठी जमीन पडीक पडली आहे, कुणी कसत नाही, कुणी राहत नाही, मला द्या. कचेरीतल्या कुणी डोंगर चढून बघितलं नाही. बाबूशेठला जमिनीचा सरकारी पट्टा मिळाला, आणि त्याचे गडी विळे घेऊन वर आले.

रावली वाघोबाच्या दगडापाशी काठी रोवून उभी राहिली. "अरे मुडद्यांनो, हे वाघाचं गवत हाय! कापाल तर जिवानिशी जाल!"

तिच्या आवाजानंच निम्मे गडी उतारावरून घसरले. उरलेल्यांना आतून गुरगुर ऐकू आली, असं म्हणतात. विळे तिथंच टाकून सगळे पळाले. बाबूशेठ मात्र पळणारा नव्हता. त्यानं फिर्याद ठोकली, की माझ्या जमिनीत मला अडवतात. झालं. करवळपाड्याला कोर्टाचं बोलावणं आलं.

पाड्याचा कारभारी होता नवश्या, शिडव्याचा धाकटा भाऊ, म्हणजे रावलीचा दीर. शहाणा माणूस. बाजारहाट करणारा, चार लोकांत बसणारा. पण रीतीप्रमाणं जिनं जमीन दिली तिनंच बोलायचं, म्हणून रावलीला घेऊन तो तालुक्याला निघाला. वाटभर तो तिला पढवत होता.

"वहिनी, तिथं जास्त बोलू नको. एवढंच सांग, जमीन माझी हाय."

"बरं."

"काय सांगशील?"

"जमीन माझी हाय. किती वेळा विचारशील रे? मी काय पोपट हाय?"

"तू पोपट असतीस तर मला घोर नव्हता," नवश्या म्हणाला.

कोर्टात साहेब होता गोरा, पिवळ्या मिशांचा. आपली भाषा त्याला कळायची, पण तो प्रत्येक शब्द चावून चावून बोलायचा. बाबूशेठचा वकील काळा डगला घालून उभा राहिला आणि त्यानं एकच प्रश्न विचारला. खणखणीत आवाजात, अगदी भगत विचारतो तसा.

"कुणाची जमीन?"

नवश्याच्या काळजाचं पाणी झालं. रावलीनं एकदा त्याच्याकडे बघितलं. वाटभर पाठ केलेलं तिला आठवत होतं. पण मोहाला अजून फूल आलं नव्हतं. पाळी चालू होती. दुसरं उत्तर तिच्या जिभेवर येईच ना.

"वाघाची," ती म्हणाली.

जे काय हसले सगळे! पट्टेवाला हसला, शिरस्तेदार हसला, बाहेर झाडाखाली पानतंबाखू विकणारा आत डोकावून हसला. वकील तर हात झटकून खाली बसला. "साहेब, माझं काम बाईनंच केलं. जमीन पाड्याची नाही, असं तीच सांगते. मग वाघाचा वकील उभा राहीपर्यंत थांबायचं का?" नवश्यानं कपाळावर हात मारून घेतला. गेलं, त्याला वाटलं. आज्या-पणज्यानं राखलेलं सगळं एका शब्दानं गेलं.

साहेब हसला नाही. मिशांचं टोक चावत तो रावलीकडे बघत राहिला. म्हातारी नव्हती, वेडी दिसत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. त्याला नवल वाटलं, आणि त्यानं सहज विचारलं, "वाघाला कुणी दिली?"

रावली ताठ झाली. पुढचा प्रश्न हाच असतो, हे तिला ठाऊक होतं. फक्त तो साहेबाला कसा ठाऊक, हे तिला कळेना.

"आम्ही दिली."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे पाडा. हायेत ते, आणि गेले ते."

"आणि परत कधी घेणार?"

"मोहाला फूल आलं की. आधी पण दिलीय, आधी पण घेतलीय. माझ्या आजीनं दिली, माझ्या आईनं तिथं परत नाचणी पेरली."

साहेब पुढं वाकला. "बाई, बाबूशेठचं घर तू वाघाला देशील का?"

"लोकाचं घर मी कसं देऊ?" रावली चिडलीच. "जे आपलं नाय ते दिलेलं वाघ तरी घेईल का?"

कोर्टात कुणी हसलं नाही आता. साहेबानं टाक खाली ठेवला.  मग चावून चावून म्हणाला, "आमच्या मुलखात कायदा फार जुना आहे, आणि त्यातही हेच सांगितलं आहे. जे स्वतःचं नाही ते कुणाला देता येत नाही. या लोकांनी ही जमीन दिली आहे आणि परत घेतली आहे, आजीच्या काळापासून, तिच्याही आधीपासून. म्हणजे ती यांची होती आणि आहे. रीतीनं विसाव्याला ठेवलेल्या जमिनीला पडीक म्हणता येणार नाही."

वकील तीनदा उठला आणि तीनदा बसला. नवश्याला अर्धंच कळलं, पण बाबूशेठचं तोंड बघून उरलेलं अर्धंही कळलं.

पण साहेब कोर्टाचा माणूस. तो म्हणाला, "किती जमीन? कुठून कुठवर? शीव कळल्याशिवाय मला हुकूम लिहिता येणार नाही. मी स्वतः बघायला येतो."

इथं खरी पंचाईत झाली. शिवेवर पूर्वी लाकडी खांब होते, चंद्रसूर्य कोरलेले. ते आदल्या उन्हाळ्यात वणव्यात जळून गेले होते. वाघोबाचा दगड तेवढा उरला होता. बाबूशेठनं संधी साधली. साहेब येण्याआधीच त्यानं उताराच्या पार खाली चुन्याचे दगड रोवले आणि म्हणू लागला, की पाड्याची असलीच तर खालची घळ पाड्याची, वरचं सगळं माझं. वरचं सगळं म्हणजे मोहटेंभाच.

थंडीच्या दिवसांत साहेबाचा तंबू समोरच्या टेकडीवर लागला. साखळी घेऊन मोजणीवाला आला. साहेब घोड्यावरून उतरून वाघोबाच्या दगडापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "चल बाई, आत चल. तुमची जुनी शीव चालून दाखव."

रावलीचा पाय उचलेना. "साहेब, मला नाय जाता येणार. खांब जळले, आत गेल्याबिगर शीव सापडायची नाय, आणि अजून त्याची पाळी हाय."

"मग दुसरं कुणी जा."

कुणीच हललं नाही. बाबूशेठ मात्र गालात हसला. "बघितलंत साहेब? यांना शीवच माहीत नाही."

नवश्यानं सगळ्यांदेखत वहिनीचे पाय धरले. "वहिनी, एकदा जा. जमीनच गेली तर वाघाला दिलेला शब्द ठेवशील कुठं? आपल्या पोरांनी खायचं काय? गवत?" तो रडत होता. खोटं रडणारा माणूस नव्हता तो.

रावलीच्या डोळ्यांतही पाणी आलं. दिराचं बोलणं तिला पटत होतं, हीच तर अडचण होती. ती म्हणाली, "नवश्या, साहेबानं जमीन आपली मानली ती कशापायी? आपण दिली म्हणून. आता मीच दिलेलं मोडलं, तर साहेब काय म्हणेल? ह्यांचं देणं खोटं, म्हणजे जमीन पण खोटी."

नवश्यानं तिचे पाय सोडले. साहेब म्हणाला, उद्या सकाळपर्यंत थांबतो. शीव कुणी दाखवली नाही, तर शेठनं रोवलेले दगड धरावे लागतील.

संध्याकाळी सगळे गेल्यावर रावली एकटी दगडापाशी बसली. पदराखालून तिनं शिडव्याचं मुंडासं काढलं. ते ती रोज कमरेला बांधून हिंडायची. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती वाघाशी बोलली. बोलली कसली, त्याला शिव्याच घातल्या. तिचा तो दांडगा आवाज त्या संध्याकाळी दुप्पट झाला होता. खाली पाड्यात प्रत्येक घरात ऐकू गेला.

"अरे मेल्या, ऐकतोस का? माझा माणूस खाल्लास, मी काय बोलले? काय नाय बोलले. शेत मागितलंस, दिलं. माझ्या शिडव्याच्या जागी बसून रडायचं होतं मला, ते पण तुझ्यापायी सोडलं. मी माझा शब्द राखला. आता तुझ्या आयतेपणापायी माझ्या पाड्याची जमीन चाललीय, आणि तू आत लोळतोस? लाज नाय तुला? जमीन तुझी हाय ना? मग ऊठ, आणि दाखव तुझी शीव!"

मग ती तिथंच दगडाला टेकून हमसून हमसून रडली, आणि पोटातली आग बरीचशी विझली.

आता पुढचं ऐका. सकाळी धुकं होतं. साहेब तंबूबाहेर चहा घेत होता. बाबूशेठ त्याच्या आधीच येऊन बसला होता. पाडा सगळा दगडापाशी. धुकं वर उठायला लागलं आणि गवत हललं. आधी कान दिसले, मग डोकं, मग वाघ सगळाच बाहेर आला. असं म्हणतात, की तो गोऱ्ह्याएवढा होता आणि म्हातारा झाला होता. तो सरळ वाघोबाच्या दगडापाशी आला. रावली त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. ती मागं सरली नाही. दोघांनी एकमेकांना बघून घेतलं, आणि वाघानंच आधी मान खाली घातली.

मग तो चालायला लागला. सावकाश, ढुंगण हलवत, घाई नाही काही नाही. जिथं जिथं जुना खांब होता तिथं तिथं थांबला, पंजानं माती उकरली, आणि पुढं गेला. वरच्या कातळापासून ओहोळाच्या वळणापर्यंत, वळणापासून जुन्या आंब्याखालून परत. बाबूशेठच्या चुन्याच्या दगडांपाशी पोचल्यावर त्यानं पाय वर केला आणि कुत्रं खांबावर करतं तेच केलं. हसा, आता हसा. तेव्हाही साहेब हसला होता. बाबूशेठ एवढा वेळ झाडावर होता, आणि त्याला खाली उतरवायला नंतर दोर लागला.

सगळी शीव फिरून झाल्यावर वाघ परत गवतात शिरला. साहेबानं कप खाली ठेवला आणि मोजणीवाल्याला म्हणाला, "पावलं बघून घ्या आणि साखळी धरा." मोजणीवाला गवतात शिरायला तयार नव्हता. पण त्यानं बाहेरबाहेरून साखळी धरली, आणि बाहेरबाहेरूनच मोजणी पुरी झाली. साहेबानं तिथंच, घोड्याच्या खोगिरावर कागद ठेवून हुकूम लिहिला. मोहटेंभा करवळपाड्याचा. पाळी चालू असताना वाघाचा, तरीही करवळपाड्याचाच.

त्याच वर्षी चैतात वारा डोंगरावरून खाली आला आणि पाड्याला मोहाचा वास आला. म्हातारी माणसं म्हणाली, छे, रोप लावून किती वर्षं झाली? मोह इतक्या लवकर फुलत नाही. पण भगत जाऊन बघून आला. खांद्याएवढं रोप, आणि फुलांनी गच्च. वाघानं जमीन आधीच परत केली, असं म्हणतात.

रावली एकटी आत गेली. गवतातून वाट काढत मधोमध पोचली, मोहाखाली बसली, आणि मुंडाशात फुलं वेचू लागली. बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी सांगितलं, की आत बारीक शीळ ऐकू येत होती. वारा असेल. पण त्या शिळेच्या लयीवर रावलीचा हात चालत होता, हे मात्र सगळ्यांनी बघितलं.

पुढं ती खूप म्हातारी होऊन गेली. बाबूशेठचा व्यापार मुंबईतल्या घोड्यांबरोबर संपला. साहेब त्याच्या देशाला गेला. हुकुमाचा कागद नवश्यानं बांबूच्या नळीत जपून ठेवला होता, तो वाळवीनं खाल्ला. आणि वाघही गेला. बंदुका आल्या, रस्ता आला, रान विरळ झालं. एका वर्षी डरकाळी आली नाही, मग कधीच आली नाही. करवळपाड्यातली म्हातारी माणसं अजून सांगतात, की वाघ होता तेव्हा झोप धड लागायची नाही, आणि आता लागते तर ती गोड लागत नाही.

पण मोहटेंभा आहे, आणि तो पाड्याचाच आहे. मधला मोह आता इतका थोर झालाय, की चार माणसांच्या कवेत मावत नाही. त्याच्या भोवतीचा एक पट्टा आजही वाघाच्या नावानं सोडतात, तो कुणी पेरत नाही, तिथलं गवत कुणी कापत नाही. वाघबारशीला लांब कारखान्यांत कामाला गेलेली पोरंही पाड्यावर येतात. सगळे दगडापाशी जमतात, आणि पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई रावलीच्या नावानं विचारते, "कुणाची जमीन?"

पोरं ओरडतात, "वाघाची!"

"कुणी दिली?"

"आम्ही दिली!"

एकदा बाहेरगावचा कुणी पाहुणा आला होता. त्यानं म्हातारीला विचारलं, "आजी, वाघ तर कधीच गेला. आता कशाला देता?"

म्हातारी म्हणाली, "दिली नाय, तर आमची कशी राहील?"

मग रीतीप्रमाणं सगळे डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. दरवर्षी राहतात तसे. वाघ येणार नाही, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सगळ्यांत आधी पाठ कुणी फिरवत नाही.